ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, गिऱ्हाईक नाही

‘फिक्स्ड गिअर सायकल विकणे आहे. फ्रेम मजबूत, रंग मूळचा, वापर अत्यंत कमी. किरकोळ काम आहे.’

वाकड, रावेत किंवा पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी जाहिरात पडते, तेव्हा तिच्यातली पहिली तीन विधानं बहुधा खरी असतात. फ्रेम मजबूत असते, कारण तिला त्रास द्यायला कोणी गेलेलंच नसतं. रंग मूळचा असतो, धुळीखाली. वापर कमी, हे तर मालकाच्या पोटाकडे बघून कोणीही सांगेल. भानगड असते ती चौथ्या विधानाची. किरकोळ काम म्हणजे मागचा टायर एका जागी दोरे दिसेपर्यंत घासलेला, चेन गंजून काठीसारखी ताठ, पुढच्या रिमला आउट आलेला आणि मागच्या हबवरचे आटे कोणीतरी हातोडी-छिन्नीनं सपाट केलेले. हे किरकोळ की मोठं, यावर विकणारा आणि घेणारे यांच्यात पुढचे दोन-तीन महिने चर्चा चालते. चर्चा संपते. सायकल जिथे होती तिथेच असते.

दुसऱ्या एखाद्या गावात ‘किरकोळ’ खपूनही गेलं असतं. पिंपरी-चिंचवडमध्ये ते अवघड आहे. आकुर्डीत बजाजची स्कूटर, पिंपरीत टेल्कोचा ट्रक, १९९५ साली टेल्कोच्याच आवारात मर्सिडीज आणि २००९ पासून चाकणला फोक्सवॅगन, अशा साठ वर्षांच्या संस्कारांनंतर या पट्ट्यात दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी ‘क्वालिटी’त असतं. ज्या माणसाने दिवसभर मायक्रॉनमधली चूक पकडून व्हेंडरचा माल परत पाठवला आहे, तो संध्याकाळी पार्किंगमध्ये गंजलेली चेन बघून हरखून जाईल, ही अपेक्षा करणारा विकणारा एक तर फार भोळा असावा किंवा एचआरमध्ये असावा.

फिक्स्ड गिअर किंवा फिक्सी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण जाहिरात वाचणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ते ठाऊक नसतं आणि दहाव्याला सायकल घ्यायची नसते. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, कट्कट् आवाज येतो आणि उतारावर माणूस पायांना सुट्टी देऊन वारा खातो. फिक्सीत ही सुट्टी नाही. मागचा दातेरी चक्का हबवर घट्ट बसवलेला असतो. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल फिरलं की पाय फिरणार, मग पायांच्या मालकाची इच्छा असो वा नसो. पाय उलटे दाबले की सायकल थांबते. म्हणून ट्रॅकवरच्या अस्सल फिक्सीला ब्रेकच नसतात. यात नवं काही नाही. लहान मुलांच्या तीनचाकीचं पायडल पुढच्या चाकालाच जोडलेलं असतं आणि तिथेही फ्रीव्हील नसतं. म्हणजे शहरातलं जवळजवळ प्रत्येक पोर फिक्सीवरच सुरुवात करतं आणि अक्कल आल्यावर फ्रीव्हीलकडे वळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळेपर्यंत सगळं जग असंच पाय फिरवत होतं. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांना गिअर ही वय झालेल्यांची सोय वाटे; त्यांच्या शर्यतीत चेन एका चक्क्यावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा १९३७ पर्यंत शिरू शकली नाही. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा शहरात केइरिन नावाची शर्यत सुरू झाली. तिच्यात आजही बिनब्रेकच्या फिक्स्ड सायकली धावतात आणि लोक घोड्यांवर लावावेत तसे स्वारांवर पैसे लावतात. न्यूयॉर्कच्या कुरिअरवाल्यांनी ही सायकल ट्रॅकवरून रस्त्यावर आणली, कारण सुटे भाग कमी, म्हणून बिघडण्यासारखं कमी आणि चोरण्यासारखंही कमी. मग कुरिअरवाल्यांचा रुबाब बघून ज्यांना कुठलंही पाकीट कुठेही पोचवायचं नव्हतं अशांनी ती घेतली. तिथून व्हिडिओंच्या वाटेनं ती हिंजवडीला पोचली.

२०२० च्या टाळेबंदीत जिम बंद झाल्या, रस्ते मोकळे झाले आणि सायकलच्या दुकानांत माल उरेना. त्या गर्दीत काहींच्या वाट्याला गिअरवाली आली, काहींच्या वाट्याला घडीची, आणि काही जणांनी मुद्दाम शोधून फिक्सी घेतली. मोकळ्या स्पाइन रोडवर ती छान चालली. मग रस्ते भरले.

खरं तर या सायकलची रास्त जागा शहराच्या वेशीवरच आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला क्रीडासंकुल उभं राहिलं. तिथे सायकल शर्यतींसाठी कडा उचललेला ट्रॅक आहे. ट्रॅकवर सिग्नल नाही, रिक्षा नाही, आडवी येणारी म्हैस नाही. ब्रेक नसला तरी भागतं. काळेवाडी फाट्यावर यातलं कधी काय समोर येईल ते सांगता येत नाही. फिक्सीवाल्यांची एक कला मात्र इथे शिकायला उत्तम सोय आहे. पाय जमिनीला न टेकवता सायकल जागच्या जागी तोलून धरायची, याला ते ट्रॅक स्टँड म्हणतात. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सहा वाजता सायकलीच काय, अठरा चाकांचे कंटेनरही हीच कला करत उभे असतात.

आता दुरुस्तीकडे. विकायच्या आधी सायकल ठीकठाक करून घ्यावी, असं ज्याच्या मनात येतं तो ती ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेतो. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, हवेचा कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि तारेवर टांगलेले जुने टायर. मेकॅनिक मागचं चाक उचलतो आणि पायडल उलटं फिरवतो. चाकही उलटं फिरतं. तो मालकाकडे बघतो ते डॉक्टरनं रिपोर्टकडे बघावं तसं.

‘काका, फ्रीव्हील जाम झालंय.’

निदानात त्याची काहीच चूक नाही. जाम झालेलं फ्रीव्हील आणि फिक्स्ड गिअर यांची लक्षणं अगदी एक आहेत. साध्या सायकलला जो आजार, तोच हिचा स्वभाव. मालक समजावतो की ही अशीच असते, मुद्दाम अशी बनवलेली असते, परदेशात याचेच जास्त पैसे पडतात. मेकॅनिक मान डोलावतो, आणि मालक चहाला गेला की रॉकेल आणि ऑइलचा प्रयोग सुरू करतो. तासाभरानेही फ्रीव्हील ‘सुटत’ नाही, कारण ते तिथे नसतंच. मग हातोडी आणि छिन्नी बाहेर येते.

इथे फिक्सीचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. मागचा चक्का साध्या उजव्या आट्यांवर बसतो. पायडलनं पुढे जोर लावला की तो आणखी आवळत जातो. पण फिक्सीत थांबतानाही पायांनीच जोर लावायचा असतो, तोही उलटा, आणि त्या जोरानं चक्का सुटू शकतो. तो सुटू नये म्हणून त्याच्यावर एक लॉकरिंग असते आणि तिचे आटे उलटे, डावे असतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे दुकानातला नवा पोऱ्याही पहिल्या आठवड्यात शिकतो. मागच्या चाकावर तसे आटे असतील अशी शंका यायचं मात्र कोणालाही कारण नसतं. म्हणून सगळ्या दुनियेत सुटतं त्या दिशेनं लॉकरिंगवर छिन्नी ठोकली जाते. लॉकरिंग सुटत नाही, आवळते. आणखी जोरात ठोकली जाते. शेवटी लॉकरिंग हार मानते, पण आटे सोबत घेऊन जाते.

बाकीच्या गोष्टीही तितक्याच अडवणुकीच्या. ट्यूबचा व्हॉल्व्ह अनेकदा प्रेस्टा जातीचा, पेन्सिलीपेक्षा बारीक. कॉम्प्रेसरचं तोंड त्याच्यावर बसत नाही आणि बसवायला जोडणी मिळेपर्यंत हवेवाचून दिवस जातात. टायर ६२२ मिलिमीटर रिमचा. टपरीत लटकतोय तो काळ्या घोड्याला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलला लागणारा, २८ बाय दीड इंची, म्हणजे ६३५ मिलिमीटर रिमचा. दोन्ही हातात धरले तर जुळी भावंडं वाटतात. मध्ये फरक फक्त १३ मिलिमीटरचा. भोसरीत एवढ्या फरकावर अख्खी लॉट परत जाते. इथे मेकॅनिक ‘बसवून बघू’ म्हणतो.

अशा रीतीने दुरुस्तीला नेण्यापूर्वी जिला खरंच किरकोळ काम होतं, ती सायकल विक्रीला तयार होते.

मग येतात बघणारे. त्यांतला सगळ्यात धोकादायक म्हणजे भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचा अनुभवी टर्नर. तो पोरासाठी सायकल बघायला आलेला असतो, पण येताना खिशात स्टीलची पट्टी असते. आधी तो चेन मोजतो. सायकलच्या चेनमध्ये पिनेपासून पिनेचं अंतर अर्धा इंच. चोवीस कड्या धरल्या तर बरोबर १२ इंच व्हायला हवे. ते एक सोळांश इंचानं वाढलं असेल तर चेन बदलायला झाली, एक अष्टमांशानं वाढलं असेल तर चेनबरोबर दातेही गेले, हा जगभरच्या मेकॅनिकांचा ठोकताळा. टर्नर पट्टी लावतो, डोळा बारीक करतो आणि काही बोलत नाही. हे न बोलणं फार महाग पडतं.

मग तो टायरकडे वळतो. झीज सगळीकडे सारखी नाही. अख्खा टायर जवळजवळ नवा आणि एकाच ठिकाणी रुपयाएवढा डाग, खाली दोरे. ‘हे असं कसं?’ मालकाला एव्हाना याची सवय झालेली असते. तो सांगतो की ब्रेक नसल्यामुळे थांबताना पाय अडवायचे, चाक जाम करायचं आणि घसटत थांबायचं. टर्नरचं समाधान होत नाही. घसटायचं ठीक, पण दर वेळी तिथेच का?

याचं उत्तर दात्यांत आहे आणि ते खरोखर सुंदर आहे. पुढच्या चक्क्याला ४८ दात, मागच्याला १६. भागाकार ३. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की चाकाच्या नेमक्या तीन फेऱ्या. माणूस थांबताना पाय दर वेळी त्याच अवस्थेत अडवतो, कारण प्रत्येकाचा एक पाय पुढे ठेवायचा ठरलेला असतो. त्यामुळे चाकही दर वेळी त्याच जागी अडतं आणि टायरची तीच जागा डांबरावर घासली जाते. पुढे ४६ आणि मागे १६ दात असते तर अपूर्णांक २३ छेद ८ असा सुटला असता आणि झीज आठ जागी वाटली गेली असती. ४७ आणि १७ असते तर सतरा जागी. पुढचा एक दात कमी, मागचा एक जास्त, आणि टायरचं आयुष्य कुठल्या कुठे गेलं असतं!

हे ऐकल्यावर टर्नरला मनापासून आनंद होतो. तो खाली बसतो, दात मोजतो, जमिनीवर बोटाने भागाकार करतो. मालकाला वाटतं, सौदा झाला. टर्नर उठतो, हात झटकतो.

‘म्हणजे घोळ डिझाइनमध्येच आहे. साहेब, हे रिवर्कचं मटेरियल झालं. रिवर्कचाच भाव बोला.’

चाकणच्या मोठ्या कारखान्यातला क्वालिटी इंजिनिअर आला तर प्रकार आणखी सभ्य आणि आणखी क्रूर असतो. तो पट्टी काढत नाही, प्रश्न विचारतो. एका दोषामागे पाच वेळा ‘का’ विचारत मुळापर्यंत जायची पद्धत टोयोटानं जगाला दिली आणि आपल्या पट्ट्यात ती ‘व्हाय-व्हाय’ म्हणून चहाच्या टपरीपर्यंत पोचली. टायर का झिजला? घसटून. का घसटला? ब्रेक नाहीत म्हणून. ब्रेक का नाहीत? फिक्सीला नसतात म्हणून. मग फिक्सी का घेतली? इथपर्यंत मालकाचा आवाज ठाम असतो. चौथ्या प्रश्नावर तो टाळेबंदीचा उल्लेख करतो. पाचवा प्रश्न बाजूला उभी असलेली त्याची बायको विचारते, आणि मूळ कारण अधिकृतरीत्या सापडतं.

चक्कर मारून बघण्याची वेळ आली की आणखी गंमत. सायकल हातात आली की कोणीही दहा पायडलं मारतं आणि मग सवयीनं पाय थांबवतं. फिक्सी थांबत नाही. ४८-१६ वर पायडलच्या एका फेरीत सायकल सहा मीटरच्या वर जाते आणि तेवढ्या जोरानं आलेलं पायडल थांबलेल्या पायाला खालून ढकलतं. स्वार सीटवरून उचलला जातो, हँडल लटपटतं, आणि सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन, जो रोज संध्याकाळी हा खेळ फुकट बघतो, खुर्ची थोडी मागे घेतो. एकदा असा झटका बसलेला माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून जातो. घरी काय विचारायचं असतं, कोण जाणे.

भावाचा प्रश्न तर याहून बिकट. मोटारसायकलला आरसी बुक असतं, विम्यावर तिची किंमत छापलेली असते, कितव्या वर्षी किती घसरायची याचे ठोकताळे असतात. सायकल मोटार वाहन कायद्याच्या कक्षेतच येत नाही. नोंदणी नाही, विमा नाही, नावावर करायचं नाही. एके काळी नगरपालिकेचा कर भरून सायकलला बिल्ला लावावा लागे, तोही गेला. त्यामुळे जुन्या सायकलची किंमत म्हणजे विकणाऱ्याच्या आठवणीतून घेणाऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च वजा करून उरेल ती, आणि हे उत्तर बऱ्याचदा शून्याच्या खाली जातं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकांना आनंद झाला. जुन्या सायकलींच्या मालकांना कोणी विचारलं नाही.

याच शहरानं दुसऱ्या टोकाचा बाजारही पाहिलेला आहे, हे नव्या पिढीला सांगून पटत नाही. १९७२ साली आकुर्डीहून चेतक बाहेर पडली तो परवान्यांचा काळ. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे दिल्ली ठरवायची आणि नंबर लावल्यावर आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबावं लागायचं. परिणाम असा की वापरलेली चेतक नव्या चेतकपेक्षा महाग जायची, कारण जुनी आज मिळायची आणि नवी मुलाच्या मुंजीला नंबर लावला तर त्याच्या लग्नाला! लोक गाडी तर विकायचेच, नुसता नंबरही वर पैसे घेऊन विकायचे. पोचा आलेला आहे, रंग उडालेला आहे, किक दहा वेळा मारावी लागते, यावर त्या काळी कोणी चकार शब्द काढत नसे. ज्या पट्ट्यात न आलेल्या स्कूटरला गिऱ्हाईक होतं, तिथे समोर उभ्या असलेल्या सायकलला नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी टंचाईचा धडा शिकवताना इतर उदाहरणं शोधू नयेत.

तरी फोन येतात. ‘अव्हेलेबल आहे का?’ असा मेसेज येतो. ‘आहे’ म्हटलं की माणूस गायब होतो. त्याला बहुधा फक्त जगात एक गोष्ट उपलब्ध आहे एवढीच खात्री हवी असते. एखादा कॉलेजकुमार विचारतो की गिअर किती आहेत. ‘एक’ म्हटल्यावर तो विचारतो, बाकीचे कुठे गेले. एखादा ‘फायनल किती?’ इथूनच सुरुवात करतो. एखादा स्वतःला लष्करातला सांगतो, देहूरोडला पोस्टिंग आहे म्हणतो, सायकल न बघता पूर्ण किंमत कबूल करतो आणि पैसे पाठवण्यासाठी एक क्यूआर कोड धाडतो. गंजलेल्या फिक्सीची किंमत कोणी न घासता मान्य केली, इथेच खरं तर पोलिसांना फोन करायला हवा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फौजी असल्याची बतावणी करून असे गंडे घालण्याचे प्रकार देशभर झाले आहेत, आणि त्यांत फसणारे बहुतेक आपल्यासारखेच काहीतरी जुनं विकायला निघालेले.

आणि एखादा खरा गिऱ्हाईकही असतो. तो म्हणतो, म्हाळुंग्याला घेऊन या, रोख देतो. मालक सायकल गाडीच्या डिकीत कोंबून बालेवाडीजवळच्या म्हाळुंग्याला जातो, क्रीडासंकुलाच्या भिंतीशी उभा राहतो आणि फोन लावतो. गिऱ्हाईकही म्हाळुंग्यातच उभा असतो, पण महाळुंगे इंगळेला, चाकणजवळ. दोघांच्या मध्ये अख्खं पिंपरी-चिंचवड, मोशीचा टोलनाका जिथे होता ती जागा आणि संध्याकाळची वाहतूक. सायकल त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हक्काच्या ट्रॅकपासून हाकेच्या अंतरावर आलेली असते, तीही डिकीत आडवी, चाक बाहेर लोंबत.

न खपलेल्या सायकलीच्या पुढच्या वाटा ठरलेल्या आहेत. दसऱ्याला कारखान्यात मशिनांची पूजा होते, घरी गाडीची होते, तेव्हा तिलाही झेंडूची एक माळ मिळते. माळ सुकून पुढच्या दसऱ्यापर्यंत हँडलवर राहते. मग सोसायटीची कमिटी नोटीस लावते की बेवारस सायकली अमुक तारखेपर्यंत हलवाव्यात. कोणी पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवार-बुधवारी, नेऊन बघतं. तिथला विक्रेता सायकल घेतो, पण पूर्ण घेत नाही. सीट आणि हँडल घेतो. भंगारात घालावी म्हटलं तर चिखलीच्या कुदळवाडीतली हजारो गोदामं आणि पत्राशेड महापालिकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली आणि भंगाराचा धंदा विखुरला. तसंही नऊ-दहा किलोची सायकल काट्यावर ठेवली की तिच्या डिझाइनचे, केइरिनचे आणि न्यूयॉर्कचे मिळून काहीच पैसे येत नाहीत. पुण्यात कर्वेनगरला २०१७ पासून विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, पण तिथे जागा मिळायला सायकल नुसती बंद पडलेली असून चालत नाही, जुनीही असावी लागते.

गमतीची गोष्ट अशी की या पट्ट्यात सायकलची खरी गरज असलेली माणसं भरपूर आहेत. फक्त ती या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाहीत. निघोजे, कुरुळी, खराबवाडी, महाळुंगे इंगळे इथल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून लातूर-बीड-परभणीची, बिहार-ओडिशाची पोरं कंत्राटावर कामाला जातात. कंपनीची बस कायमच्या कामगाराला असते. यांना खोलीपासून गेटपर्यंतचे तीन-चार किलोमीटर पहिल्या पाळीला अंधारात आणि दुसऱ्या पाळीहून अंधारातच तुडवायचे असतात. शेअर रिक्षाला रोज पैसे मोजण्यापेक्षा जुनी सायकल परवडते. अशा पोराला फिक्सी दाखवली तर त्याला केइरिनचा इतिहास ऐकायचा नसतो, चेन मोजायची नसते. तो सायकलभोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, ‘दादा, डबा कुठं ठेवायचा?’

टर्नर, इंजिनिअर, कॉलेजकुमार या सगळ्यांत हा सगळ्यात कसलेला परीक्षक. फिक्सीला कॅरिअर नसतं, अनेक फ्रेमना ते बसवायला भोकंही नसतात. मडगार्ड नाही, म्हणजे पावसाळ्यात चाकणचा चिखल युनिफॉर्मच्या पाठीवर. स्टँड नाही, म्हणजे गेटबाहेर भिंत शोधा. चेनकव्हर नाही, म्हणजे पँटचा पाय चेनमध्ये, आणि फिक्सीत पाय थांबवून तो सोडवायचीही सोय नाही. ब्रेक नाहीत, आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर मागून येतो तो ट्रेलर असतो. त्या पोराला जे हवं ते सगळं काढून टाकल्यावर जे उरतं, त्याला आपण फिक्सी म्हणतो आणि वर जास्त पैसे मागतो.

या सायकलींचा निकाल मात्र इतका वाईट लागायची गरज नाही. रस्त्यासाठी म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक फिक्स्ड सायकलींचा मागचा हब दुतोंडी असतो. फायरफॉक्स या सायकल कंपनीनं तर भारतात आणलेल्या सायकलचं नावच त्यावरून ‘फ्लिप-फ्लॉप’ ठेवलं होतं. एका बाजूला फिक्स्ड चक्क्याचे आटे, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलचे. हातोडीनं बिघडवलेली असते ती पहिली बाजू. दुसरी बाजू अनेकदा कोरी करकरीत असते आणि मालकानं ती कधी पाहिलेलीही नसते.

तेव्हा ज्यांच्या पार्किंगमध्ये अशी एखादी माळ घातलेली उभी आहे, त्यांनी आणखी एक जाहिरात टाकण्याआधी मागचं चाक काढून उलट बाजूचे आटे बघावेत. ते शाबूत असतील आणि ब्रेकसाठी भोकं असतील तर साधं फ्रीव्हील चढवा, चेन बदला, पुढे-मागे दोन्ही ब्रेक लावा, मागे लाल रिफ्लेक्टर लावा, आणि हँडलला तरी एक टोपली अडकवा. नव्या टायरला हात आखडू नका. एवढा खर्च करून ती महाळुंगे इंगळेला न्या, बालेवाडीच्या नव्हे, आणि खर्चाएवढेच पैसे मागा, मिळतील. आणि टपरीवर नेताना मेकॅनिकला आधीच सांगा की लॉकरिंग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवली की सुटते. सांगून झाल्यावर लगेच चहाला जाऊ नका.